जमिनीतला कोळसा, हवेतला कर्ब आणि वैनगंगेचे पाणी

भंडारा शहरासमोर वैनगंगेच्या पैलतीरावर कारधा हे गाव आहे. येथील पुलावर नदीची पातळी मोजली जाते आणि पावसाळ्यात सारा जिल्हा त्या आकड्याकडे लक्ष लावून बसतो. २४५.५० मीटर ही येथील धोक्याची पातळी होय. २०२० च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशातील पाणलोटात अतिवृष्टी झाली, संजय सरोवरातून मोठा विसर्ग सोडण्यात आला आणि वैनगंगेने ही पातळी ओलांडली. भंडारा शहराच्या सखल वस्त्या व काठावरची गावे जलमय झाली आणि बांध्यांतील उभे धान पुराखाली गेले.

या पुराचा आणि कोळसा, डिझेल व पेट्रोल जाळण्याचा काही संबंध आहे काय, असा प्रश्न गावोगावी विचारला जातो. कोणी 'सारे पाप धुराचे' म्हणतो, तर कोणी 'पाऊस देवाच्या हातचा, धुराने काय होणार' असे म्हणून विषय संपवितो. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना शेतकरी बांधवांच्या शंकांचे समाधान करता यावे, यास्तव हा विषय येथे क्रमाने मांडला आहे.

जळणे म्हणजे काय?

लाकूड, कोळसा, डिझेल, रॉकेल, स्वयंपाकाचा गॅस या सर्व पदार्थांत कर्ब, म्हणजे कार्बन, हे मूलद्रव्य असते. पदार्थ जळतो तेव्हा त्यातील कर्बाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. या संयोगातून उष्णता मिळते आणि कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजेच कर्बवायू, तयार होतो. या वायूला रंग नाही व वास नाही. चिमणीतून किंवा इंजिनातून निघणारा काळा धूर म्हणजे अर्धवट जळालेली काजळी व राख होय. तो डोळ्यांना दिसतो म्हणून सारा दोष त्याच्या माथी मारला जातो. परंतु ज्या चिमणीतून काहीच निघताना दिसत नाही, तिच्यातूनही कर्बवायू बाहेर पडतच असतो.

एक लिटर डिझेलचे वजन सुमारे ८३० ग्रॅम भरते. ते जळल्यावर मात्र सुमारे २.६ ते २.७ किलो कर्बवायू तयार होतो. एक किलोहूनही कमी मालातून अडीच किलोंवर वायू निघतो कसा, अशी शंका येणे साहजिक आहे. याचे उत्तर असे की, बाकीचे वजन हवेतील प्राणवायूचे असते. १२ किलो कर्ब जळताना ३२ किलो प्राणवायू ओढून घेतो व दोहोंचा मिळून ४४ किलो कर्बवायू होतो. कोळशालाही हाच हिशेब लागू पडतो. ज्या कोळशाच्या १०० किलोंत ४० किलो कर्ब आहे, तो जळाल्यावर सुमारे १४७ किलो कर्बवायू हवेत जातो.

कारध्याच्या पश्चिमेस मौदा येथे २,३२० मेगावॅटचे आणि ईशान्येस तिरोडा येथे ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट वीज तयार करताना साधारणपणे एक किलोच्या आसपास कर्बवायू हवेत सोडला जातो. विहिरीवरचा विजेचा पंप धूर सोडत नाही, हे खरे. पण त्याची वीज कोळशाची असेल तर त्याचा वायू दूरच्या चिमणीतून निघत असतो, एवढाच काय तो फरक.

चुलीचा कर्ब व खाणीचा कर्ब

येथे कोणी विचारील की, चूल तर आपल्या वाडवडिलांपासून पेटत आली आहे, जनावरे व माणसे उच्छ्वासातून कर्बवायूच सोडतात, मग तेव्हा हवा का तापली नाही? हा प्रश्न मोलाचा आहे. साऱ्या विषयाची किल्ली त्याच्या उत्तरात आहे.

धानाचे रोप वाढते ते केवळ मातीवर नव्हे. त्याच्या पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने हवेतील कर्बवायू शोषून घेते आणि त्यापासून काडी, पान व दाणा घडविते. पुढे तो दाणा माणूस खातो, तणस बैल खातो आणि धसकट मातीत कुजते. यातील बहुतेक कर्ब श्वासातून किंवा कुजण्यातून पुन्हा हवेत जातो व पुढच्या खरिपात नवे रोप तो पुन्हा उचलते. हा सालोसालचा उसनवारीचा व्यवहार होय. जेवढे घेतले तेवढे परत दिले, म्हणून हवेच्या खात्यातील शिल्लक फारशी बदलत नाही. जळाऊ लाकडाचेही तसेच आहे. मात्र तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे झाड वाढले पाहिजे. जंगल तोडून जमीन उघडी ठेवली, तर हा हिशेब बिघडतो.

कोळशाची गोष्ट निराळी आहे. कामठी, उमरेड, चंद्रपूर व वणी या भागांतील कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून बनलेला आहे. त्या काळी येथे दलदलीची अरण्ये होती व त्यांत ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या वनस्पतींची दाटी होती. ती झाडे मेल्यावर पूर्ण कुजली नाहीत. गाळाखाली दबली आणि त्यांनी हवेतून घेतलेला कर्ब जमिनीत पुरला गेला. खनिज तेल व नैसर्गिक वायूही अशाच रीतीने, परंतु मुख्यत्वे समुद्रातील सूक्ष्म जीवांपासून, तयार झाले. हा कोट्यवधी वर्षे पेवात बंद असलेला साठा होय. तो मनुष्याने गेल्या सुमारे अडीचशे वर्षांत उकरून जाळण्यास आरंभ केला. पेवात घालण्यास युगे लागली आणि उपसून काढण्यास काही पिढ्या पुरल्या. हा कर्ब सालोसालच्या उसनवारीतला नाही. तो हवेच्या खात्यात बाहेरून पडलेली नवी भर आहे.

ही भर किती झाली?

हवेत मुख्यत्वे नत्रवायू (सुमारे ७८ टक्के) व प्राणवायू (सुमारे २१ टक्के) असतात. कर्बवायूचे प्रमाण इतके अल्प आहे की, ते दहा लाख भागांत मोजावे लागते. वाफेची यंत्रे सर्वत्र येण्यापूर्वी ते दहा लाखांत सुमारे २८० भाग होते. ध्रुवप्रदेशातील जुन्या बर्फात अडकलेले हवेचे बुडबुडे तपासून हा आकडा मिळाला आहे. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ या पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते सुमारे ३१५ भाग भरले. आज ते ४२० भागांच्या पुढे गेले आहे.

सध्या जगात कोळसा, तेल व वायू जाळून दरवर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू हवेत सोडला जातो. त्यातील निम्म्याहून अधिक भाग समुद्र व वनस्पती मिळून शोषून घेतात, व निम्म्याहून थोडा कमी भाग हवेत साठून राहतो. साठलेला वायू लवकर निघून जात नाही. त्याचा काही अंश शेकडो, किंबहुना हजारो वर्षे टिकतो. गळक्या बोडीत गळतीपेक्षा अधिक पाणी सोडीत राहिल्यास पातळी चढतच जाते, तसाच हा प्रकार आहे. जाळणे थोडे कमी केल्याने साठा कमी होत नाही, तो फक्त सावकाश वाढतो.

वाढलेला हा वायू खाणीतलाच आहे, ज्वालामुखीचा किंवा अन्य कशाचा नव्हे, हे कशावरून? कर्बाचा एक किरणोत्सारी प्रकार हवेत सतत अल्प प्रमाणात तयार होत असतो. जिवंत वनस्पतीत तो आढळतो. परंतु दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो, म्हणून कोट्यवधी वर्षे जुन्या कोळशात त्याचा मागमूस उरत नाही. हवेतील कर्बात या प्रकाराचे प्रमाण उतरत आहे, असे हान्स झ्यूस या शास्त्रज्ञाने १९५५ मध्ये दाखवून दिले. म्हणजे हवेत मिसळणारा नवा कर्ब फार जुना आहे. चोरीचा माल खुणेवरून ओळखावा, तशी ही खूण आहे.

वायूमुळे उष्णता कशी अडते?

थंडीच्या दिवसांत आभाळ निरभ्र असले की पहाटे कडाक्याचा गारठा पडतो व ढगाळ रात्री उबदार जातात, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. दिवसा सूर्याच्या उजेडाने जमीन तापते आणि ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे परत जात असते. ढग व हवेतील बाष्प त्यातील बरीच उष्णता अडवून पुन्हा जमिनीकडे पाठवितात. म्हणून ढगाळ रात्र उबदार असते.

कर्बवायूही हेच काम करतो, आणि तो ढगांप्रमाणे येत-जात नाही. रात्रंदिवस, बारमाही हवेत असतो. सूर्याचा उजेड तो आत येऊ देतो, परंतु जमिनीतून बाहेर जाणारी उष्णता अडवितो. तो मुळीच नसता तर पृथ्वी गोठून गेली असती, यास्तव त्याला वाईट म्हणता येत नाही. थंडीत एक कांबळे हवेच असते. परंतु उन्हाळ्यात त्यावर दुसरे घातले तर जीव कासावीस होतो.

ही माहिती नवी नाही. कर्बवायू असलेली हवा उन्हात अधिक तापते, हे युनिस फूट या अमेरिकन विदुषीने १८५६ मध्ये प्रयोगाने दाखविले. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये या वायूची उष्णता अडविण्याची शक्ती मोजण्यास आरंभ केला. स्वीडनचे स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हवेतील कर्बवायू वाढल्यास पृथ्वी किती तापेल, याचा हिशेब मांडला. त्यानंतर पृथ्वी खरोखरच तापली. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेने २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. भारतात १९०१ ते २०१८ या काळात ही वाढ सुमारे ०.७ अंश झाली आहे.

पावसावर व पुरावर परिणाम

एक अंश वाढीने काय बिघडते, असे वाटणे शक्य आहे. परंतु हवा एक अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. ढगाची झोळी मोठी झाली की ती भरण्यास वेळ लागतो आणि रिकामी होताना एकदम होते. म्हणून पावसाचे खंड लांबतात व पडतो तेव्हा तो कोसळतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. वैनगंगेचे खोरे याच पट्ट्यात येते.

तथापि येथे सावधपणे बोलणे इष्ट आहे. २०२० चा पूर केवळ कर्बवायूमुळे आला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. पुराला धरणाचा विसर्ग, नदीपात्राची स्थिती, सखल भागांतील वस्ती अशी अनेक कारणे असतात, आणि मोठे पूर पूर्वीही येत होते. योग्य विधान असे की, तापलेल्या हवेमुळे मोठ्या पावसाचा संभव वाढला आहे. जो पूर आजोबांनी आयुष्यात एकदा पाहिला, तो नातवाने अनेकदा पाहण्याची तयारी ठेवली पाहिजे. कार्यकर्त्यांनी याहून अधिक सांगू नये आणि याहून कमीही सांगू नये.

धानावर परिणाम

'कर्बवायू हे पिकाचे अन्न आहे, मग तो वाढला तर पीक वाढणार नाही काय?' असाही प्रश्न येतो. धानाला त्याचा काहीसा लाभ होतो, हे खरे आहे. परंतु त्यासोबत येणारी उष्णता हा लाभ हिरावून घेते. धान निसवल्यावर फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांच्या वर गेले तर परागकण निकामी होऊन दाणे पोचट राहतात. रात्र उबदार असली तर दिवसा तयार केलेले अन्न रोप श्वसनात खर्चून टाकते. फिलिपीन्स येथील आंतरराष्ट्रीय धान संशोधन संस्थेच्या शेतांवरील २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कोरड्या हंगामात रात्रीचे किमान तापमान एक अंशाने वाढले की उत्पादन सुमारे १० टक्क्यांनी घटले, असे दिसून आले. भंडारा जिल्ह्यातील उन्हाळी धान तर उन्हाच्या तोंडीच फुलोऱ्यावर येते. ज्या बांधीत हा धोका आहे, त्या बांधीचा मालक या विषयास परका राहू शकत नाही.

दोष कोणाचा आणि काम कोणाचे?

हिशेब मांडताना न्याय सोडता कामा नये. भारतात दर माणशी वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू सोडला जातो. जगाची सरासरी ५ टनांच्या जवळ आहे आणि अमेरिकेत ती सुमारे १४ टन आहे. एका एकरावर धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याने पृथ्वी तापविली, असे कोणी म्हणू नये. मुख्य उपाय म्हणजे वीज, कारखाने व वाहतूक यांना कोळसा व तेलाऐवजी दुसरी शक्ती पुरविणे. तो उपाय सरकारांच्या व मोठ्या उद्योगांच्या हाती आहे. २०१५ च्या पॅरिस करारात तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली ठेवण्याचे व १.५ अंशांपर्यंत रोखण्याचा प्रयत्न करण्याचे राष्ट्रांनी मान्य केले. भारताने २०७० पर्यंत कर्बाचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे २०२१ मध्ये जाहीर केले आहे.

झाडे लावावीत, ती हितकारकच आहेत. परंतु केवळ झाडे लावून खाणीतून निघणारा कर्ब पुरता परत बांधता येणार नाही. झाड आज ना उद्या मरते व कुजते. त्याचा कर्ब उसनवारीच्याच खात्यात राहतो.

शेतावर करावयाच्या गोष्टी

खाली सांगितलेल्या गोष्टी जगावर उपकार म्हणून नव्हे, तर स्वतःच्या खर्चाची बचत व पिकाचे रक्षण म्हणून कराव्यात.

१. पंप व इंजिन : पंपाची शक्ती विहिरीची खोली व लागणारे पाणी पाहून ठरवावी. गळका फूटव्हॉल्व्ह व अरुंद पाइप यांमुळे डिझेल किंवा वीज व्यर्थ जाते. महाराष्ट्र शासनाच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यास ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. जेथे डिझेल जळते, तेथे हा विचार आधी करावा.

२. युरिया : युरियासाठी लागणारा अमोनिया मुख्यत्वे नैसर्गिक वायूपासून बनतो. गरजेपेक्षा अधिक टाकलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड बनून उडून जातो, व तो वजनास वजन कर्बवायूच्या सुमारे २७० पट उष्णता अडवितो. पानांचा रंग पाहून व माती परीक्षणानुसार हप्त्याहप्त्याने युरिया द्यावा. धैंचा व गिरिपुष्प यांचे हिरवळीचे खत वापरावे.

३. बांधीतील पाणी : सतत पाणी तुंबलेल्या चिखलात हवा पोचत नाही व मिथेन वायू तयार होतो. तो कर्बवायूपेक्षा लवकर विरतो, पण हवेत असेपर्यंत त्याहून कितीतरी अधिक उष्णता अडवितो. जेथे पाणी आपल्या ताब्यात आहे, विशेषतः उन्हाळी धानात, तेथे रोवणीची रोपे धरल्यावर आळीपाळीने पाणी द्यावे. बांधीत छिद्रांची नळी रोवून ठेवावी, पातळी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेली की पुन्हा पाणी द्यावे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र बांधी कोरडी पडू देऊ नये. याने मिथेन बराच घटतो, आणि पाणी व उपशाचा खर्चही वाचतो.

४. तलाव व बोड्या : कोहळी समाजाच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधण्याची जी विद्या वाढविली, तिची गरज आज अधिक आहे. गाळ काढलेला मालगुजारी तलाव कोसळणारे पाणी काही काळ अडवितो व पुढे खंड पडल्यास तेच पाणी पिकास देतो.

५. वाण व वेळ : काठावरच्या सखल बांधीत पाण्याखाली सुमारे दोन आठवडे तग धरणाऱ्या 'स्वर्णा सब-१' सारख्या वाणाचा विचार कृषि विज्ञान केंद्र, साकोली येथील तज्ज्ञांच्या सल्ल्याने करावा. पूर ओसरल्यावर दुबार रोवणी करता यावी म्हणून हलक्या धानाचे थोडे बियाणे राखून ठेवावे. उन्हाळी धानाची पेरणी शिफारशीच्या वेळेपुढे लांबवू नये.

६. इशारा : पावसाळ्यात कारधा पुलावरील पातळी व वरच्या धरणांतील विसर्ग यांची बातमी दररोज गावाच्या फलकावर लिहावी. धोक्याची पातळी जवळ येताच पंपाची मोटर, जनावरे, बियाणे व जमिनीचे कागद उंचावर हलवावेत.

गावच्या सभेत हा विषय सांगताना कार्यकर्त्यांनी फार आकडे देऊ नयेत. चुलीचा कर्ब हवेतून आलेला असतो व हवेत परत जातो. खाणीचा कर्ब जमिनीतून येतो व हवेत साठतो, एवढा भेद मनावर ठसला म्हणजे पुष्कळ झाले. सखल बांधीत कोणता वाण लावावा, पंप कोणता घ्यावा आणि तलावाचा गाळ केव्हा काढावा, हे ठरविताना तो भेद शेतकऱ्याच्या उपयोगी पडेल.